नवीन लागलेल्या मुलाने शेजारच्या मशीनवरच्या लहानखुऱ्या सहकाऱ्याची बाजू कशी घ्यावी?

लेथवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी आयटीआयमध्ये टर्नर आणि मशिनिस्ट ट्रेडला शिकवते. पास होऊन चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांत अप्रेंटिस म्हणून किंवा कंत्राटदाराकडून लागणाऱ्या मुलांसाठी एक टिपण करतेय. पगाराची स्लिप, पीएफ, ईएसआय, सेफ्टी हे सगळं लिहून झालंय. एका प्रश्नावर गाडी अडली आहे, आणि तो मुलं हमखास विचारतात.

प्रश्न असा. मुलगा नवीन आहे. शेजारच्या व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) अंगाने लहान, बुटका सहकारी आहे. दोन-तीन जुने ऑपरेटर रोज त्याच्या मागे लागतात. 'अडीच फुट्या' म्हणून हाक मारायची, व्हर्निअर (मोजमापाचं साधन) लपवायचं, जड क्रेट मुद्दाम त्याच्याच वाट्याला द्यायचे, उचलून ट्रॉलीत बसवायचं आणि त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा. सुपरवायझर म्हणतो, पोरं आहेत, मस्करी करतात. नवीन मुलाचा स्वतःचाच करार सहा महिन्यांचा. त्याने काय करावं, कोणत्या क्रमाने करावं, काय टाळावं?

'दुर्लक्ष कर' हे उत्तर टिपणात लिहायला माझं मन धजत नाही. मध्ये पडायलाच हवं असं माझं मत आहे, पण कसं ते जाणकारांनी सांगावं. हकिकतींपेक्षा नेमकी कृती लिहिलीत तर मला ती थेट घेता येईल.

तिसरी_पाळी

सगळ्यांत आधी त्या सहकाऱ्याला विचारायचं. ही पायरी गाळली की पुढचं सगळं बिघडतं. नवीन मुलगा जोशात भांडतो, संध्याकाळी निघून जातो, आणि त्याचा राग दुसऱ्या दिवशी त्या बिचाऱ्यावर निघतो.

विचारायचं ते शॉपफ्लोअरवर किंवा कँटीनच्या भरल्या टेबलावर नाही. बसस्टॉपवर, गेटबाहेर चहाला, लॉकरपाशी कोणी नसताना. 'तुला त्रास देतात का?' असं विचारलं तर दहातले नऊ जण 'नाही रे, चालतं' म्हणणार. त्याऐवजी जे पाहिलं तेच सांगावं: 'काल त्यांनी तुला उचललं ते मी पाहिलं. मला बरं वाटलं नाही. पुन्हा झालं तर मी बोललो तर चालेल का? की नको?' मग गप्प बसायचं. उत्तर त्या दिवशी आलं नाही तरी चालेल. कोणीतरी पाहिलंय, एवढं त्याला कळणं हीसुद्धा मोठी गोष्ट असते.

चकमक

एवढं कशाला? म्होरक्या कोण ते ओळखायचं, सुटल्यावर गेटबाहेर गाठून दोन ठेवून द्यायच्या. परत नाव काढणार नाही.

टाइमऑफिस

चकमक, संताप समजतो, पण असं काही टिपणात जाऊ नये. कारखान्यात मारामारी झाली की चौकशी 'कोणी सुरू केलं' इथून क्वचितच सुरू होते. स्थायी आदेशांमध्ये (कारखान्याच्या सेवाशर्तींच्या नियमांत) दंगामस्ती आणि शिस्तभंग ही गैरवर्तणूक आहे, आणि ती दोन्ही बाजूंना लागते. कायम कामगाराला निलंबनाच्या काळात पहिले ९० दिवस निम्मा निर्वाह भत्ता मिळतो, रीतसर चौकशी होते, त्याच्या बाजूने बोलायला माणूस असतो. कंत्राटी मुलाला दुसऱ्या दिवशी गेटवर 'तुझा पास बंद झालाय' एवढंच ऐकायला मिळतं. म्हणजे म्होरक्या आत राहतो, मदत करणारा बाहेर जातो.

गेटबाहेर मारलं तरी सुटका नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) खाली साधी दुखापत म्हणजे एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात पोलीस पडताळणी अडली की विशीतल्या पोराची पुढची नोकरीही अडते.

बाराबंदी

टाइमऑफिस, +१. शिवाय त्या लहानखुऱ्या मुलाचा प्रश्न तसाच राहतो. आज याने मारलं म्हणून ते थांबले, हा गेल्यावर कोण?

सेफ्टीशूज

लेथवालीताई, टिपणात एक गोष्ट ठळक अक्षरात, पहिल्या पानावर टाका. 'आधी त्याला विचारा' हा तिसरी_पाळी यांचा नियम बरोबर आहे, पण त्याला एक अपवाद आहे: जिथे शरीराला धोका आहे तिथे विचारत बसायचं नाही. तिथे जागच्या जागी थांबवायचं आणि लगेच कळवायचं. तो 'नको' म्हणाला तरीसुद्धा.

एअरगन (जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा भाग, साफ करायची दाबाच्या हवेची बंदूक) सगळ्यांत आधी. शॉपमधल्या लाइनला साधारण ६ ते ७ बार दाब असतो. मस्करी म्हणून ती कोणाच्या पाठीमागे, कपड्यांवरूनसुद्धा लावली, तर हवा गुदद्वारातून आत जाऊन क्षणार्धात मोठं आतडं फाटू शकतं. आपल्या देशात या 'मस्करी'ने माणसं मेली आहेत, वर्तमानपत्रांत अशा बातम्या वरचेवर येतात, आणि बळी बहुतेक वेळा नवा किंवा लहान मुलगाच असतो. कानात, डोळ्यात, जखमेवर हवा मारणंही तितकंच वाईट. जखमेतून हवा कातडीखाली शिरते, रक्तातही जाऊ शकते. अमेरिकेच्या ओशाच्या (कामाच्या ठिकाणची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमात साफसफाईसाठी नोझलचं तोंड बंद झालं तरी दाब ३० पीएसआयच्या वर जाता कामा नये, म्हणजे साधारण २ बार, आणि तोही जॉब साफ करायला. माणसाच्या अंगावर हवा मारायचीच नाही.

असं झालंच तर: पोट फुगतं, ताठ होतं, असह्य दुखतं, कधी श्वास लागतो. पाणी, चहा, गोळी काहीही तोंडातून द्यायचं नाही, कारण ऑपरेशन लागू शकतं. पोट चोळायचं किंवा दाबायचं नाही. कंपनीच्या फर्स्टएड रूममध्ये झोपवून 'बरं वाटेल' म्हणत वेळ घालवायचा नाही. सर्जन असलेल्या रुग्णालयात थेट न्यायचं आणि डॉक्टरांना खरं सांगायचं: हवा मारली, इतक्या वाजता, लाइनचा दाब इतका. लाजेपोटी किंवा सुपरवायझरच्या दबावाखाली 'पोट बिघडलंय' सांगितलं तर निदानाला उशीर होतो, आणि हा उशीरच जिवावर बेततो. रुग्णालयात मेडिकोलीगल नोंद (पोलिसांना कळवली जाणारी नोंद) करायला सांगा. कंपनीच्या अपघात रजिस्टरमध्येही नोंद झाली पाहिजे. ईएसआयचा अपघात अहवालही त्याच आधारावर जातो.

माणसाला उचलणं हेही याच गटात. चालू मशीनजवळ, कूलंटने ओल्या जमिनीवर, सेफ्टी शूज घालून कोणालातरी उचललं आणि पाय सरकला, की डोकं मशीनच्या बेडवर किंवा कन्व्हेयरच्या कडेवर आपटतं. बाथरूमला बाहेरून कडी लावणं तर आग लागल्यावर काय होईल याचा विचार करूनच लक्षात घ्या.

तिसरी_पाळी

सेफ्टीशूज, दुरुस्ती मान्य. हा अपवाद माझ्या प्रतिसादातच असायला हवा होता.

आता प्रसंगी तोंडाने नेमकं काय म्हणायचं. नवीन मुलं इथेच अडखळतात. मग एकतर गप्प राहतात किंवा शिवी देतात.

सगळ्यांत सोपं म्हणजे कामाचा विषय काढून त्याला तिथून हलवणं. 'अरे, जरा हा जॉब चेक करून दे', 'सेटर (मशीन लावून देणारा) बोलावतोय'. कोणाशी वैर होत नाही, घोळका मोडतो. पण हे रोज पुरत नाही. त्यांना कळतं.

दुसरं म्हणजे हसायचं नाही. घोळक्यातले बरेच जण उगाच हसतात, आणि त्या हसण्यावरच सगळं चालतं. नवीन मुलगा चेहरा सरळ ठेवून आपल्या कामाकडे वळला तर फरक पडतो. त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची, सगळ्यांसमोर, दिवसातून अनेकदा. त्याचं टोपणनाव कोणी आपल्याशी बोलताना वापरलं तर 'कोण? अच्छा, गणेश का?' एवढंच. (नाव उदाहरणाला घेतलंय.)

तिसरं, थेट बोलायचंच झालं तर वाक्य छोटं आणि कृतीबद्दल: 'खाली ठेव त्याला.' 'व्हर्निअर परत दे, त्याचा जॉब अडलाय.' 'व्हिडिओ बंद कर.' म्होरक्याच्या आईबापावर, गावावर, जातीवर काही नाही. 'तू स्वतःला कोण समजतोस' हेही नाही. आवाज चढवायचा नाही, दोन हात अंतर ठेवायचं, खिशात हात नकोत, आणि मागे जायला वाट मोकळी ठेवायची. म्हणून झालं की तिथे उभं राहून उत्तराची वाट बघायची नाही. सहकाऱ्याला घेऊन निघायचं.

ऑफसेट

व्हर्निअर लपवण्याचा उल्लेख आलाय तर हेही लिहितो. त्रास बहुतेक वेळा अंगावरून कामावर येतो. कारण रिजेक्शन वाढलं की सुपरवायझर आपोआप त्याच्या विरोधात जातो, त्रास देणाऱ्यांना काही करावंच लागत नाही. बिघडलेले जॉब त्याच्या चांगल्या जॉबच्या बिनमध्ये (पेटीत) मिसळणं, काउंटर मागे करणं, क्लॅम्प सैल करणं, आणि सगळ्यांत घातक म्हणजे ऑफसेट (टूल आणि जॉब कुठे आहेत ते सांगणारे मशीनमध्ये भरलेले आकडे) बदलणं. झेडमध्ये (वर-खाली दिशेत) काही मिलिमीटरचा घोळ झाला की टूल थेट फिक्स्चरमध्ये (जॉब धरणाऱ्या साच्यात). मशीनचं नुकसान सोडा, दाराची काच फोडून तुकडा बाहेर आला तर समोरचा माणूस जातो.

नवीन मुलाला प्रोग्रामिंग येत असेल तर मदतीचा हा सर्वांत उपयोगी मार्ग आहे, आणि यात कोणाशी भांडण नाही. शिफ्ट घेताना, जेवणावरून आल्यावर, टॉयलेटवरून आल्यावरसुद्धा दोघांनी मिळून पाहायचं. जी५४ चा (जॉबच्या शून्यबिंदूच्या नोंदीचा) झेड आणि प्रत्येक टूलचा लांबीचा ऑफसेट वहीतल्या आकड्याशी ताडायचा. क्लॅम्पिंगच्या गेजवर दाब बघायचा, फिक्स्चरचे बोल्ट हाताने नाही, पान्याने तपासायचे. पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रामची एकेक ओळ चालवून), रॅपिड ओव्हरराइड (वेगवान हालचालीचा वेग) २५ टक्क्यांवर, टूल जॉबच्या वर आलं की 'डिस्टन्स टू गो' (उरलेलं अंतर) वाचून पुढे. कंट्रोलला मेमरी प्रोटेक्टची (भरलेले आकडे बदलता येऊ नयेत यासाठीची) चावी असते, बऱ्याच ठिकाणी ती कायम लावलेलीच असते. ती काढून सेटरकडे ठेवायची मागणी दोघांनी मिळून 'क्वालिटीसाठी' म्हणून करावी. कोणी नाही म्हणत नाही.

फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर ऑपरेशन हिस्टरीची स्क्रीन असते. कोणती की कधी दाबली ते दिसतं. पण नव्या नोंदी आल्या की जुन्या निघून जातात, म्हणून संशय आला तर मशीन चालवायच्या आधी सेटरला किंवा मेंटेनन्सवाल्याला बोलावून दाखवायचं.

बिनसाठी साधा उपाय आहे. मार्करने प्रत्येक जॉबवर ऑपरेटरची खूण आणि अनुक्रमांक. मिसळलेला जॉब लगेच उघडा पडतो.

शेवगा

मोबाइलवर शूटिंग करून एचआरला पाठवलं तर? पुरावाच झाला की.

वकील_वाडा

शेवगा, जपून. अनेक कारखान्यांत शॉपफ्लोअरवर मोबाइलला बंदी असते, डिझाइनच्या गोपनीयतेचं कलम करारात असतं. मग तक्रार बाजूला राहते आणि 'हा आत शूटिंग करत होता' हा मुद्दा होतो. ग्रुपवर आलेला त्यांचाच व्हिडिओ मात्र जपून ठेवा. तो त्यांनी स्वतः काढलेला आहे. ग्रुप सोडू नका, चॅट डिलीट करू नका, व्हिडिओ पुढे कोणालाही पाठवू नका (त्या मुलाची बदनामी आपल्या हातून व्हायला नको), आणि मूळ फोन शक्यतो तोच ठेवा. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात द्यायची तर प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) येतं. त्या वेळी मूळ फाइल हाताशी असली की काम सोपं होतं.

कारखान्याच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग बऱ्याच ठिकाणी पंधरा-तीस दिवसांत पुसलं जातं. म्हणून घटना झाली की त्याच आठवड्यात एक ओळीचा अर्ज द्यायचा: अमुक तारीख, अमुक वेळ, अमुक कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग जपून ठेवावं. फुटेज 'द्या' म्हणू नका, 'जपून ठेवा' म्हणा. नाकारायला कारण उरत नाही, आणि नंतर पुसलं गेलं तर त्याचं उत्तर त्यांना द्यावं लागतं.

सर्वांत भरवशाचा पुरावा अजूनही वही. शिवलेली, पानांना आकडे घातलेली, सुट्या कागदांची नाही. ज्या दिवशी घडलं त्याच दिवशी घरी लिहायचं. तारीख, वेळ, शिफ्ट, मशीन नंबर, कोण, नेमके शब्द काय (शिवी असेल तर शिवीच लिहा, 'अपशब्द वापरले' नको), कोण कोण उभं होतं, कामावर परिणाम काय. पानाचा फोटो स्वतःच्याच ईमेलवर पाठवला की तारीख पक्की. सहकाऱ्याने आपली वही लिहावी, नवीन मुलाने आपली वेगळी. एकमेकांच्या बघून लिहू नये, शब्दन् शब्द जुळला तर संशय येतो.

गोदातीर

सगळे उत्साहाने लिहीत आहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. सहा महिन्यांचा करार, घरी कर्ज, गावाकडे दोन बहिणी, अशा मुलाला तुम्ही साक्षीदार करताय. त्याला काढलं तर इथलं कोणी त्याचं भाडं भरणार नाही. माझ्या मते नवीन माणसाने पहिले तीन महिने मान खाली घालून काम शिकावं. हे भित्रेपणाचं लक्षण नाही.

बाराबंदी

गोदातीर, चिंता खरी आहे. पण तीन महिने मान खाली घातली की चौथ्या महिन्यात ती वर येत नाही. तोपर्यंत तो त्याच घोळक्यातला एक झालेला असतो. नव्या माणसाला एक गोष्ट जुन्यांपेक्षा सोपी असते: त्याला अजून सवय झालेली नसते, म्हणून त्याने 'हे काय चाललंय?' विचारलं तर ते नैसर्गिक वाटतं.

आणि मदत म्हणजे लगेच साक्ष नव्हे. कँटीनमध्ये त्याच्या शेजारी ताट घेऊन बसणं, कंपनीच्या बसमध्ये त्याची जागा धरणं, गेटपर्यंत बरोबर चालणं, शिफ्टला दोघांनी एकत्र येणं. यासाठी कोणालाही नोकरीवरून काढता येत नाही. त्रास देणाऱ्याला एकटा माणूस हवा असतो. तो एकटा सापडेनासा झाला की निम्मं काम होतं.

गोदातीर

कँटीन आणि बसचं पटलं. एवढं प्रत्येकाला जमेल. साक्षीबद्दल माझं मत कायम आहे, ती ज्याची त्याने ठरवावी. टिपणात दडपण नसावं.

मापपट्टी

जड क्रेट आणि उंची याबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. बुटक्या माणसाला मशीन उंच पडतं, त्यामुळे त्याचा सायकल टाइम (एका जॉबला लागणारा वेळ) वाढतो, त्यावरून टोमणे सुरू होतात, आणि मग 'याला जमत नाही' हे सगळ्यांना खरं वाटू लागतं. दोष मशीनच्या मांडणीचा असतो.

उभ्याने करायच्या कामाची उंची कोपरावरून ठरते. बारीक, नजरेचं काम कोपराच्या साधारण ५ सेंटिमीटर वर, हलकं काम ५ ते १० सेंटिमीटर खाली, जोर लावायचं काम २० ते ४० सेंटिमीटर खाली. माणूस सरळ उभा करून, बूट घालून, कोपर काटकोनात ठेवून जमिनीपासून मोजा. टेबल त्यापेक्षा जेवढं उंच, तेवढ्या उंचीचा प्लॅटफॉर्म. चेकर्ड प्लेटचा किंवा जाळीचा, म्हणजे कूलंट साचत नाही. रुंदी एवढी की दोन पावलं बाजूला सरकता यावं, नाहीतर मागे पडेल. पाय हलणारे नकोत, कडा पिवळ्या रंगवा. उलटा घातलेला प्लॅस्टिकचा क्रेट हा प्लॅटफॉर्म नव्हे. तो सरकतो आणि मध्येच फाटतो. प्लॅटफॉर्मवरून इमर्जन्सी स्टॉपला हात पोचतो का हेही बघायचं.

वजनाचं: अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेच्या सूत्रात अगदी आदर्श स्थितीत, म्हणजे वजन अंगाशी, कंबरेच्या जवळपास, न वळता, अधूनमधून उचलायचं असेल तर वरची मर्यादा २३ किलो धरतात, आणि अंतर, वाकणं, वारंवारता वाढली की ती घटत जाते. सव्वा किलोचे वीस जॉब म्हणजे २५ किलो, वर क्रेटचं वजन. म्हणजे तो क्रेट कोणीच दिवसभर एकट्याने उचलू नये, उंच माणसानेसुद्धा. मागणी अशी करा: 'क्रेटमध्ये बाराच जॉब ठेवू, आणि स्टँड कंबरेच्या उंचीचा करू.' त्या एका मुलासाठी सवलत मागितली तर चिडवायला नवं निमित्त मिळतं. सगळ्या लाइनसाठी मागितली तर उलट दुवा मिळतो.

ऑफसेट

मापपट्टी, क्रेटचा मुद्दा फारच आवडला. वाखू (वाचनखूण) साठवली. अवांतर: उंच ऑपरेटरला तेच टेबल खाली पडतं आणि दिवसभर वाकून त्याची कंबर धरते. त्यामुळे प्रत्येक मशीनला दोन उंचींचे प्लॅटफॉर्म असावेत, ज्याला नको त्याने बाजूला सरकवावा. खर्च एका इन्सर्टच्या (टूलला लावायच्या पात्यांच्या) डब्यापेक्षा फार नाही.

शेवगा

आमच्या भागात टोमणे मारणाऱ्या सहा फुटी मंडळींचीच कंबर आधी जाते म्हणायची तर! बरं, मोबाइलचं कळलं, धन्यवाद वकील_वाडा. पण तक्रार द्यायची तर द्यायची कोणाकडे? सुपरवायझर त्यांच्यातलाच असेल तर?

घाटमाथा

शेवगा, हे माणसाच्या प्रकारावर ठरतं, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं.

कामगार असेल तर: औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी. त्यात मालक आणि कामगार दोन्हींचे प्रतिनिधी समसमान, जास्तीत जास्त दहा सदस्य. घटनेपासून एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो आणि समितीने ३० दिवसांत काम संपवायचं आहे. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे. समितीतले कामगार प्रतिनिधी कोण, याची नावं नोटीस बोर्डावर बघून ठेवा आणि त्यातल्या शहाण्या, जुन्या माणसाला आधी भेटा. म्होरक्याला त्याच्याच वयाच्या, त्याच्याच खात्यातल्या जुन्या कामगाराने समजावलं तर कितीतरी प्रकरणं अर्जाशिवाय मिटतात.

कंत्राटी असेल तर अर्ज कंत्राटदाराला, आणि प्रत मूळ कंपनीच्या एचआरला व सेफ्टी ऑफिसरला. नुसतं कंत्राटदाराला सांगितलं तर तो तक्रार मिटवत नाही, माणूस बदलतो.

लेथवाली

घाटमाथा, अप्रेंटिसचं मी सांगते, ते माझ्या रोजच्या कामातलं आहे. अप्रेंटिस कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ आहे, कामगार नाही. संहितेतल्या कामगाराच्या व्याख्येतूनही तो वगळलेला आहे. त्यामुळे समितीवर विसंबू नये. सुरक्षेच्या तरतुदी मात्र त्यालाही लागतात. त्याने आयटीआयच्या बीटीआरआय केंद्राला (अप्रेंटिसच्या मूलभूत प्रशिक्षणाच्या केंद्राला) लेखी कळवावं. कराराबाबत वाद झाला तर तो शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे जातो. आमच्याकडून एक पत्र गेलं की कंपनीचा ट्रेनिंग विभाग हालतो.

वकील_वाडा

लेथवाली, उत्तम. यात आणखी काही वेगळ्या वाटा आहेत, त्या ओळखता आल्या पाहिजेत.

त्या सहकाऱ्याची उंची १४७ सेंटिमीटर किंवा कमी असेल आणि त्यामागे वैद्यकीय किंवा आनुवंशिक कारण असेल, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ती खुजेपणाची नोंदलेली दिव्यांगता आहे. अशा व्यक्तीचा लोकांसमोर अपमान करण्याच्या हेतूने केलेला अपमान किंवा धमकी यासाठी कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड आहे. केवळ बुटका असण्याला हे लागत नाही, आणि प्रमाणपत्र काढायचं की नाही हा सर्वस्वी त्याचा प्रश्न आहे. 'तू दिव्यांग म्हणून अर्ज कर' असं शेजाऱ्याने सुचवणं त्याला टोचू शकतं. माहिती द्यावी, आग्रह करू नये.

जातीवरून, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला लोकांसमोर हिणवलं तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. सहकारी स्त्री असेल आणि त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल तर २०१३ च्या कायद्याखाली दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती. तिथे मुदत तीन महिन्यांची आहे, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने. लैंगिक नसलेली दमदाटी त्यात बसत नाही, हे टिपणात स्पष्ट लिहा.

धमकी, साधी मारहाण यासाठी पोलीस ठाण्यात बहुतेक वेळा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते. दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलीस त्यात तपास करत नाहीत. तरी नोंद करून क्रमांक घ्या. एअरगनसारखा प्रकार मात्र एनसीवर सोडू नका, डॉक्टरी कागद घेऊन गुन्ह्याचा आग्रह धरा. वकिलाचा खर्च झेपणार नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. औद्योगिक कामगार, स्त्रिया, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमाती यांना तिथे मोफत मदत मिळते, हेल्पलाइन १५१००.

चकमक

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. वही आणि क्रेट या दोन गोष्टी जास्त कामाच्या आहेत. एक विचारतो: म्होरक्याला हलवतात की त्या बिचाऱ्यालाच दुसऱ्या शिफ्टला टाकतात? बघावं तिथे दुसराच प्रकार दिसतो.

टाइमऑफिस

चकमक, दुसराच प्रकार सोपा असतो म्हणून करतात. त्याला रात्रपाळीला टाकलं की सुपरवायझर कमी, ओळखीचे चेहरे कमी, आणि त्रास देणाऱ्यांना कळतं की तक्रार करणाराच हलतो. म्हणून अर्जातच लिहावं: 'माझी शिफ्ट किंवा मशीन माझ्या संमतीशिवाय बदलू नये.'

अर्ज एका पानाचा. घटना तीनच निवडा, सगळ्यांत स्पष्ट आणि साक्षीदार असलेल्या. प्रत्येकीला तारीख-वेळ. 'मानसिक छळ' असे मोठे शब्द नकोत, काय केलं ते लिहा. शेवटी मागणी नेमकी: व्हिडिओ काढून टाकावा, एअरगन अंगावर वापरण्यास बंदीची लेखी सूचना लावावी, क्रेटचं वजन ठरवावं, माझी शिफ्ट बदलू नये. दोन प्रती घेऊन जा, एकीवर इनवर्डचा (आवक) शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज ईमेलने किंवा स्पीड पोस्टाने पोचपावतीसह. अर्ज त्रास झालेल्याच्या नावाने असावा. नवीन मुलाने हवं तर 'मी पाहिलं' एवढं वेगळं निवेदन द्यावं.

पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर त्याच अर्जाचा संदर्भ देऊन दुसरा. तरीही नाही तर सुरक्षेच्या बाबतीत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, बाकीसाठी सहायक कामगार आयुक्त.

लेथवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. टिपण चार पानांवरून सात पानांवर गेलं आहे आणि जाऊ दे. मूळ प्रश्नातलं एक मात्र राहिलं. समजा सहकारी ठाम 'नको' म्हणाला. एअरगन वगैरे नाही, पण चिडवणं रोजचं आहे आणि तो दिवसेंदिवस गप्प होत चाललाय. नवीन मुलाने मग थांबायचं का?

तिसरी_पाळी

तक्रार थांबवायची, सोबत नाही. कँटीन, बस, खरं नाव, शिफ्टच्या सुरुवातीची तपासणी हे चालूच ठेवायचं, त्याला परवानगी लागत नाही. आपली वही लिहीत राहायची. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा विचारायचं, एकदाच. 'नको' मागे बहुतेक वेळा एखादी ठरावीक भीती असते: घरी कळेल, काकाच्या ओळखीने लागलोय त्याचं नाव खराब होईल, व्हिडिओ गावात जाईल. ती कोणती ते कळलं तर तेवढ्यापुरती वाट काढता येते.

मापपट्टी

आणि गप्प होण्याकडे लक्ष ठेवा. जेवण टाकणं, सुट्ट्या वाढणं, मशीनवर बेफिकीर होणं, 'कंटाळा आला सगळ्याचा' असं बोलणं. तसं बोलला तर सरळ विचारा की जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने ते वाढत नाहीत. 'हो' म्हणाला तर त्या रात्री त्याला खोलीवर एकटं सोडू नका, घरच्या एका विश्वासाच्या माणसाला कळवा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. इथे 'नको' पाळायचं नाही.

लेथवाली

हे शेवटचे दोन प्रतिसाद सेफ्टीशूज यांच्या एअरगनच्या मजकुराखाली, पहिल्याच पानावर घेते. मापपट्टी, प्लॅटफॉर्मचं मोजमाप कसं घ्यायचं त्याची एक रेखाकृती काढून देऊ शकाल का? आमच्या फिटर ट्रेडच्या मुलांकडून दोन नमुने बनवून घेते.

मापपट्टी

देते. रविवारपर्यंत टाकते. मुलांना ४० बाय ४० चा अँगल आणि वर ५ मिलिमीटरची चेकर्ड प्लेट आणून ठेवायला सांगा. पायांना खाली रबराची बुटं लागतील.